हजर दाखवलेला माणूस

१

सोमवार आणि गुरुवार हे माझे हवेचे वार. सकाळी सहाला पहिला कागद लावायचा, दुपारी दोनला तो काढून दुसरा, रात्री दहाला तिसरा. तो तिसरा दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचा, तिन्ही पाकिटात घालायचे आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोचवायचे. मधलं सगळं मशीन करतं.

मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आवक-जावक लिपिक होतो. लातूरच्या पाटबंधारे खात्यात पाणी फारसं कधी नव्हतं, पण त्याची आवक-जावक मी चोख ठेवली. निवृत्तीनंतर पुस्तकं वाचत बसलो होतो, तेव्हा कॉलेजच्या मंजुश्री मॅडमनी बोलावलं. औद्योगिक वसाहतीलगतच्या वस्तीतली हवा मोजायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि कागद बदलून वेळेवर सही करणारा माणूस हवा होता. सही हा माझा हातखंडा.

मशीन म्हणजे पत्र्याचं उभं कपाट, वर छोटंसं उतरतं छप्पर. लांबून तुळशीवृंदावन वाटतं. आतला पंखा हवा ओढतो, हवा कागदातून पार होते आणि धूळ कागदावर राहते. कागद पांढराशुभ्र, काचेच्या बारीक धाग्यांचा. प्रयोगशाळेत त्याचं आधी आणि नंतर वजन करतात, त्यामुळे प्रत्येकावर नंबर असतो आणि एका नंबरचा एकच कागद असतो. हे लक्षात ठेवा. शेजारी पत्र्याची पेटी, पेटीत नोंदवही. तारीख, वेळ, कागद नंबर, मशीन किती तास चाललं त्या मीटरचा आकडा, सही, शेरा.

हे सगळं सुमनबाईंच्या गच्चीवर. वस्तीत स्लॅबचं आणि जिना असलेलं घर त्यांचं एकच. घरामागे सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्याची भिंत, भिंतीपलीकडे बॉयलर. तुरीचा हंगाम असल्यामुळे आसपासच्या डाळ मिलही रात्रंदिवस चालू होत्या. कारखान्याचं नाव लिहीत नाही. वहीत नाव लिहिल्यावर काय होतं, ते मी पाहिलं आहे.

सुमनबाईंचे मालक शेषेराव त्याच बॉयलरवर भुसा टाकायचे. खोकूनच गेले. आता बाईंना दमा होता. त्यांनी अर्जावर अर्ज करून अखेर सुनावणी लावून घेतली होती, कारखान्याविरुद्ध, जानेवारीच्या शेवटच्या दिवशी. तिथे आमच्या कागदांचे आकडे ठेवले जाणार होते. दुसरा पुरावा बाईंजवळ नव्हता.

"आप्पा," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "वाढवून ल्हिऊ नका, कमी बी करू नका. खरं तेवढंच ल्हिवा."

"आम्ही खरंच लिहितो," मी म्हणालो. हे वाक्य मी नोकरीत रोज म्हणत असे.

२

जानेवारीतल्या पहिल्या गुरुवारी माझ्या साडूच्या मुलीचं लग्न उदगीरला होतं. साडू मानी माणूस. मी हवा मोजायला थांबलो असतो तर त्याने उरलेल्या आयुष्यात माझी हवा काढली असती.

खात्यात असताना आम्ही यावर एक रीत बसवली होती. महिन्याच्या एक तारखेला सगळ्या महिन्याच्या सह्या एका बैठकीत करून टाकायच्या. पुढे यायचं की नाही हा खासगी प्रश्न. जानेवारीच्या पानावर मी तसंच केलं होतं. सगळ्या सोमवार-गुरुवारच्या ओळी आखून सह्या ठोकल्या होत्या. त्याच बैठकीत उदगीरच्या गुरुवारचे मीटरचे आकडेही अंदाजाने भरले. सुरुवात इतकी, शेवट चोवीस तास जास्त. अगदी चोवीस लिहिलं तर संशय येतो, म्हणून तेवीस पूर्णांक सात. वीज मध्येच जाते, असं मानायला सगळेच तयार असतात.

राहिले कागद. तीनशे बारा, तेरा आणि चौदा. ते मी घरी नेले, स्टुलावर चढून पंख्याच्या पात्यांवरची धूळ पुसली आणि ती कागदांवर हलक्या हाताने फिरवली. औद्योगिक वसाहतीची हवा म्हणून माझ्या झोपायच्या खोलीची हवा शासनदरबारी जाणार होती. मला जरा अभिमानही वाटला.

मशीन बंद ठेवून मी गुरुवारी पहाटेच्या एसटीने उदगीरला गेलो. एवढा एकच गुरुवार.

३

शुक्रवारी सकाळी वहीवर नजर टाकावी म्हणून सुमनबाईंकडे गेलो. त्या दारात तांदूळ निवडत होत्या.

"काल तीन-तीन खेपा झाल्या की तुमच्या," त्या म्हणाल्या. "लई खोकलात वर. आवशीद घ्या काही."

मी हसलो. "मी? काल?"

"मंग कोण? च्या ठिवला पायरीवर, त्यो पिऊन कप बी इसळून ठिवलात. म्हणलं, आप्पा सुधरले."

कप जिन्याच्या चौथ्या पायरीवर उपडा होता. मी कधी कप विसळल्याचं माझ्या दिवंगत पत्नीलाही आठवणार नाही.

मी वर गेलो. मशीन बंद होतं, पण पत्रा हाताला कोमट लागला. सकाळची उन्हं असतील. मीटर बघितला. मी एक तारखेला मनाने लिहिलेला शेवटचा आकडा तिथे होता. दशांशासकट.

पेटीत वहीच्या खाली पाकीट होतं. पाकिटात तीन वापरलेले कागद, एकावर एक, घड्या व्यवस्थित. नंबर तीनशे बारा, तेरा, चौदा.

माझ्या पिशवीत तीनशे बारा, तेरा, चौदा होतेच. मी सहाही कागद मांडीवर घेऊन गच्चीवर बसलो. माझे तपकिरी, घरगुती. हे दुसरे काळे होते, कडेपासून कडेपर्यंत एकसारखे, आणि त्यांना उकळत्या सोयाबीनचा वास येत होता.

मी नास्तिक नाही, पण लिपिक आहे. आधी कारण शोधायचं. मॅडमनी दुसरा माणूस पाठवला असेल? मग नंबर? आणि विचारायचं कसं? "मॅडम, मी आलो नव्हतो तेव्हा कोण आलं होतं?" हा प्रश्न विचारून नोकरी टिकलेला माणूस मी पाहिलेला नाही. मीच येऊन गेलो आणि विसरलो? वय चौसष्ट, शक्य आहे. पण सदऱ्याच्या खिशात उदगीरची दोन तिकिटं होती, जाण्याचं आणि येण्याचं, आणि बोटांना अजून लग्नातल्या बुंदीचं तूप.

गैरहजर माणसाला हजर दाखवण्यात माझी हयात गेली. दाखवलेला माणूस खरोखर हजर झाल्याचा हा पहिलाच प्रसंग.

४

मी काळे कागद दिले. माझे घरी नेऊन फाडून टाकले.

दोन दिवसांनी मंजुश्री मॅडमचा फोन. "आप्पा, काय आकडे आलेत! इतकी धूळ मागच्या तीन वर्षांत नाही. मशीन कुठे हलवलं नाही ना?"

"नाही मॅडम."

"मग हे खरंय. बाईंची सुनावणी मजबूत झाली बघा. असंच मनापासून करत राहा."

मनापासून. मी फोन ठेवला आणि बराच वेळ पंख्याकडे बघत बसलो. पाती स्वच्छ होती.

वर मी 'एकच गुरुवार' असं लिहिलं आहे. ते खरं नाही. पुढच्या सोमवारी थंडी होती. सह्या झालेल्या होत्या. कोरे कागद पेटीतच होते. मी पांघरुणात पडून राहिलो आणि स्वतःला सांगितलं, बघू तर खरं. मंगळवारी पाकीट तयार होतं. काळे कागद, बरोबर नंबर, मीटर चोख, आणि या वेळी मी आकडे भरलेही नव्हते. माझ्याच अक्षरात भरलेले होते. सातची मान मी जशी मोडतो तशी मोडलेली.

मग कधी गेलो, कधी नाही. गेलो तेव्हा माझे कागद करडे निघाले, नाही गेलो तेव्हा काळे. मला वाटायचं, बाईंच्या फायद्याचंच आहे. तो माझ्यापेक्षा चांगलं काम करतो, तर करू दे. सरकारी नोकरीत हा विचार नवा नाही.

एकाच गोष्टीचा त्रास व्हायचा. मी गच्चीवर असताना खालून कोणी विचारलं, "आप्पा, पुन्हा आलात?" तर त्या 'पुन्हा'चं उत्तर मला देता येत नसे.

५

सुनावणीला नऊ दिवस राहिले होते. मंगळवारी पाकीट न्यायला गेलो तर सुमनबाई दारात नव्हत्या. आत बाजेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, खांदे वर उचललेले. दम लागलेली माणसं बसतात तशा. प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खळगा पडत होता.

"बरं वाटत नाही?"

"आता वाईच बरंय. काल तुमी आत आलात, बरं केलंत. मला जिना चढवंना, तर तुमीच खाली मोजाय आलात."

मी काल घरी होतो. वाचत होतो. पानाचा नंबरही सांगू शकतो.

"मी आत येऊन काय मोजलं, सुमनबाई?"

"माझं." त्या हसल्या. "त्यो पांढरा कागद माझ्या तोंडाव धरलात. लई गार. म्हणलं आप्पा, हे काय नवीन? तर तुमी बोललाच न्हाईत. मान हलवली. म्हणलं बाबा, आसंल सरकारी."

"मग?"

"मग आतून वडल्यागत झालं. हितून." त्यांनी छातीवर हात ठेवला. "ध्यान राह्यलं न्हाई. उठले तवा तुमी गेल्ता. कप इसळला व्हता."

मी जिना चढलो. पेटीतल्या पाकिटात तीन काळे कागद होते आणि त्यांच्याखाली चौथा. त्याला नंबर नव्हता. धूळ सगळ्या कागदावर नव्हती, मधोमध होती. मी तो उजेडात धरला. आधी डाग वाटला. मग दोन फिकट खळगे दिसले, त्यांच्यामध्ये उभी रेघ, दोन्ही बाजूंना गालांची फुगीर गोलाई, वर कपाळावर कुंकवाएवढी कोरी जागा. सुमनबाई कुंकू लावत नाहीत. जिथे लावायच्या तिथे गोंदण आहे.

तोंड जिथे असतं तिथे कागद डांबरासारखा काळा होता, आणि ओला.

६

मी खाली आलो आणि आयुष्यात प्रथमच एका नागरिकासमोर खरं बोललो.

"सुमनबाई, काल मी आलो नव्हतो. उदगीरच्या लग्नाच्या दिवशीही नाही. बऱ्याचदा नाही. मी नुसत्या सह्या केल्या."

"मंग कोण आल्तं? तुमचा जावई?"

"मला मुलगीच नाही."

त्या हसता हसता थांबल्या. खोकला आला तो बराच वेळ गेला नाही. मग त्या हळू म्हणाल्या, "आप्पा, आता आसं म्हणू नका. आठ-नऊ दिसांव सुनावणी हाय. तुमी आल्ता. म्या सवता ऐकलंय तुमाला खोकताना. तिथं कुनी इचारलं तर आल्तो म्हणा."

"तो पुन्हा आला तर दार उघडू नका."

"तुमाला दार न्हाई उघडायचं?"

मी पाकीट उचलून निघालो. घरी रात्रभर विचार केला. पोलिसांना काय सांगणार? माझ्यासारखा दिसणारा माणूस माझं काम करतो? मॅडमना सांगितलं तर त्या सगळे आकडे बाद करतील आणि बाईंच्या हातात सुनावणीला रिकामी पिशवी राहील. आकडे ठेवले तर सुनावणीपर्यंत आणखी तीन वार होते. बाईंच्या गळ्याखालचा तो खळगा तीन वेळा टिकेल असं मला वाटेना.

सुनावणी पुन्हा लावता येते. श्वासाचं तसं काही ऐकिवात नाही.

चुकीच्या नोंदीवर लिपिकाजवळ एकच उपाय असतो. लाल शाईने रेघ मारायची, 'रद्द' लिहायचं आणि खाली आद्याक्षरं. नोंद रद्द झाली की तो माणूस आलेलाच नसतो. हे मी शेकडो वेळा केलं होतं. सभागृहात भाषण करून गेलेले अधिकारीही मी असे न आलेले केले आहेत.

गुरुवारी मी मुद्दाम स्वतः गेलो. सकाळचा कागद मीच लावला, दुपारी दोनला पुन्हा गेलो. सुमनबाई बाजेवर होत्या. "आलात?" म्हणाल्या. "आलो," म्हणालो. बरं वाटलं.

गच्चीवर ऊन होतं. मशीन घरघरत होतं, बॉयलर दम टाकत होता, खाली कोणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव चालले होते. मी पेटीतून वही काढली, लाल पेनचं टोपण उघडलं आणि खोट्या ओळी शोधू लागलो.

उदगीरचा गुरुवार नक्की. थंडीचा सोमवार नक्की. काल-परवाचा सोमवार नक्की. आणि बाकीच्या? मी कुठल्या दिवशी आलो होतो आणि कुठल्या दिवशी नाही? सह्या सगळ्या एकाच बैठकीतल्या, एकाच पेनच्या. आकडे एकाच अक्षरातले. त्याच्या ओळी माझ्यापेक्षा थोड्या सरळ होत्या, एवढंच; पण मीही कधी कधी सरळ लिहितो. दोनदा पान खालीवर केलं. मशीनची घरघर मध्येच जड झाल्यासारखी वाटली. एक ओळ राहिली तरी तो येणार, हे मला कळत होतं.

म्हणून मी धोका पत्करला नाही. पानाच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एकच लांब रेघ ओढली, मध्ये मोठ्या अक्षरात 'रद्द' लिहिलं आणि आद्याक्षरं केली. पूर्ण महिना. शाई तर्जनीला लागली.

पेनचं टोपण लावताना दिसलं की रेघ आजच्या ओळीवरूनही गेली आहे.

७

खाली उतरलो. जिन्याच्या चौथ्या पायरीवर चहाचा कप होता, वाफ येत होती. तो मी ओलांडला आणि सुमनबाईंच्या दारात उभा राहिलो.

"झालं, सुमनबाई," मी म्हणालो. "आता कोणी येणार नाही. सुनावणीचं बघू, मी स्वतः अर्ज लिहून देतो."

त्या माझ्याकडे बघत होत्या. निदान मला तसं वाटलं. मग कळलं की त्या जिन्याकडे बघत आहेत आणि मी मध्ये आहे.

"सुमनबाई."

त्यांनी एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्यावर हाक मारली. "आप्पा! च्या गार होऊन राह्यला बघा!"

वर मशीन बंद झालं. ते बंद होतं तेव्हा पंखा थांबायला काही वेळ लागतो. आवाज बारीक बारीक होत जातो. त्या बारीक आवाजात कोणीतरी खोकलं. खोकला माझाच होता, दोन छोटे आणि एक लांब.

मग पायऱ्या. सावकाश, एक एक. माझ्या उजव्या गुडघ्यामुळे मी उतरताना चौथ्या पायरीवर थांबतो. तो थांबला. कप उचलल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा, मग कप उपडा ठेवल्याचा.

मी दारातून हललो नाही. दोन्ही हात चौकटीला लावून उभा राहिलो, वाट अडवायला. तो माझ्या अंगावरून गेला की अंगातून, ते सांगता येत नाही. फक्त उकळत्या सोयाबीनचा वास नाकात भरला आणि छातीत काहीतरी ओढल्यासारखं झालं. मला त्याची पाठ दिसली. माझाच बदामी सदरा. डाव्या हातात पांढरा कागद, नंबर नसलेला. उजव्या तर्जनीला ताजी लाल शाई.

मी माझं बोट बघितलं. ते स्वच्छ होतं.

"या आप्पा," सुमनबाई म्हणाल्या. "बसा. आजचं तेवढं मोजा, म्हणजे झालं." आणि त्यांनी हनुवटी वर केली, डॉक्टरसमोर करतात तशी, डोळे मिटून.

मी ओरडलो. ओरडलो असणार. गळा दुखत होता. बाहेर रेडिओवर तुरीचा भाव सांगत होते, रस्त्यावरून एक बाई कळशी घेऊन गेली, तिने घरात डोकावून पाहिलं आणि सहज म्हणाली, "आप्पा आलेत वाटतं." पांढरा कागद खाली येत होता. सुमनबाईंच्या गळ्याखालचा खळगा एकदा पडला आणि तसाच राहिला.

मी पूर्ण वेळ दारातच उभा होतो. तशी नोंद मात्र कुठेच नाही.